निवडणुकीतील द्रव्यबळ आणि आपला समाज

[ज्ञातिमंडळाच्या अलोरे येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण]



चिटणिसांनी आम्हांस आज बोलावयास सांगितले तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्याकडेच सोपविली होती. अशा संमेलनात शिष्यवृत्तिनिधी, वधूवर-परिचय, मुलामुलींचे शिक्षण यांवर बोलण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. आम्ही मात्र आज एक अप्रिय विषय घेऊन आपणांपुढे उभे आहोत. निवडणुकीत वाहणारा पैसा हा तो विषय होय. राजकारण मंडळाच्या उंबरठ्याबाहेर ठेवावे असा आपल्या घटनेचा दंडक आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु राजकारण आपण बाहेर ठेविले तरी राजकारणातील पैसा केव्हाच आत येऊन बसला आहे. आपण ज्या छपराखाली या क्षणी बसलो आहोत ते छप्परच त्याची साक्ष देईल.

या छपराची हकीकत येथील बहुतेकांस ठाऊक आहे. बाहेरगावच्या मंडळींसाठी ती सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या वादळवाऱ्यात समाजमंदिराची कौले उडाली, वासे मोडले आणि त्या साली दोन लग्ने आपणांस घरच्या अंगणात मांडव घालून उरकावी लागली. निवडणूक जवळ आली होती. एक उमेदवार वाडीत आले. त्यांचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, आणि पक्षाचे तर मुळीच नाही. कारण पुढल्या खेपेस दुसऱ्या पक्षाच्या गृहस्थांनीही तेच केले. त्यांनी मोडके छप्पर पाहिले, हळहळ व्यक्त केली, आणि चार दिवसांत टेम्पोतून लोखंडी पाईप व पत्रे येऊन पडले. त्यांच्या मागोमाग महिला मंडळास मोठी पातेली व पराती आल्या, तरुण मंडळास क्रिकेटचे सामान आले, ध्वनिक्षेपकाचा संच आला. नारळ फुटला, शाल घातली गेली, टाळ्या झाल्या. तो नारळ व ती शाल आमच्याच हातून दिली गेली. म्हणून आजचे हे बोलणे कोणावर ठपका ठेवण्यासाठी आहे असे कृपा करून समजू नये. ठपका असलाच तर तो पहिला आमच्यावर आहे.

ते गृहस्थ निवडून आले. दुसऱ्या वर्षीच्या पावसात वाडीच्या खालच्या अंगाचा पऱ्यावरील साकव वाहून गेला. पाणी चढले की शाळेस निघालेली मुले अलीकडच्या काठावरून परत फिरत. एका आजारी वृद्धेला चौघांनी खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे नेले, तो दिवस आम्ही विसरलेलो नाही. पोफळीचे वीजगृह आणि कोळकेवाडीचे धरण यांच्या कुशीत आपण राहतो; कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून येऊन येथे वीज देते व मग वाशिष्ठीला मिळते; त्या विजेवर दूरची शहरे उजळतात. अशा ठिकाणी वीस-पंचवीस हातांच्या साकवासाठी अर्ज करावा लागावा हेच मुळात चमत्कारिक! पण अर्ज केला. पाच जणांचे शिष्टमंडळ त्या गृहस्थांकडे गेले. त्यांत आम्हीही होतो. ते बाहेरगावी होते. त्यांचे काम पाहणाऱ्या इसमाने आम्हांस बसवून घेतले, चहा दिला, आणि एक वही उघडली. त्या वहीत आपल्या समाजाच्या नावाचे पान होते. पत्रे, पाईप, भांडी, संच, सर्व किमतीनिशी मांडलेले. पान वाचून तो इसम अगदी सभ्यपणे म्हणाला, “तुमचे खाते तर पूर्ण झालेले आहे.” मग पान उलटून त्याने आपल्या मतदानकेंद्रावर त्यांस किती मते पडली तो आकडाही वाचून दाखविला, व तो अपेक्षेहून कमी असल्याबद्दल खेद प्रकट केला. चहा मात्र उत्तम होता.

परतताना आम्हांस प्रथम संताप आला. परंतु पुढे शांत चित्ताने विचार करिता त्या इसमाचे काही चुकले असे वाटेना. व्यवहाराच्या दृष्टीने तो बरोबरच होता. माल घेतला, दाम चुकते केले. आता त्याच मालाबद्दल पुन्हा काय मागता? लोकप्रतिनिधीवर आपला जो पाच वर्षांचा हक्क, तो आपण एका दुपारी फेडून घेतला होता. पैसे घेऊन मत देणारा मनुष्य आपले मत विकतो असे म्हणतात. आमच्या मते तो याहून पुष्कळ अधिक विकतो. मत एका दिवसाचे असते. तक्रार करण्याचा, जाब विचारण्याचा, दारात जाऊन उभे राहण्याचा हक्क पाच वर्षांचा असतो, आणि तोही त्याच सौद्यात जातो.

पुढे आम्ही एक लहानसा हिशेब केला. त्या सर्व वस्तूंची किंमत त्या वेळी सुमारे १,२०,००० रुपये धरली आणि वाडीतील आपले मतदार ३०० धरले, तर दर मतास ४०० रुपये पडतात. पाच वर्षांचे दिवस १,८२६. म्हणजे आपला एकेकाचा नागरिकपणा दिवसाला सुमारे २२ पैशांना गेला. चार आण्यांचे नाणे सरकारने २०११ साली चलनातून काढले. आपली किंमत त्याहूनही कमी ठरली.

हा हक्क आपल्या वाडवडिलांस फुकट मिळालेला नव्हता, याचे स्मरण येथे करणे अवश्य आहे. १९१९ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिले आली तेव्हा ठरावीक शेतसारा किंवा कर भरणारालाच मत होते. १९३५ च्या कायद्याने ती अट सैल झाली, नाहीशी झाली नाही. वरकस जमिनीच्या तुकड्यावर नाचणी-वरी काढणारे आपले आजे-पणजे त्या यादीत कोठून असणार? १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रथमच सारा, शिक्षण, जात, लिंग न पाहता प्रत्येक प्रौढ माणसाच्या हाती मतपत्रिका आली. पूर्वी पैसा असल्यावाचून मत मिळत नसे. आता मत असल्यामुळे पैसा मिळतो. दोन्ही वेळी निकाल पैशानेच लागावयाचा असेल तर मधल्या सगळ्या खटपटीचा उपयोग काय झाला, असा प्रश्न मनात येतो.

आता जरा दूर दृष्टी टाकू; कारण वाडीतील पत्रे आणि दिल्लीतील कोट्यवधी यांचे नाते निकटचे आहे. पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवारास सर्वसाधारणपणे २५,००० रुपयांपर्यंत खर्चाची मुभा होती. २०२२ च्या जानेवारीपासून मोठ्या राज्यांत ही मर्यादा लोकसभेस ९५ लाख व विधानसभेस ४० लाख आहे. मर्यादा मोठी वाटते. परंतु खरी मेख तेथे नाही. ही मर्यादा उमेदवारास आहे, त्याच्या पक्षास नाही. पक्षाने किती खर्च करावा यावर आपल्या कायद्यात बंधनच नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात असे ठरविले की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे. निकालाची शाई वाळते न वाळते तोच सरकारने वटहुकूम काढून कायद्यास एक स्पष्टीकरण जोडले व पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळला. ते स्पष्टीकरण बदलण्यास २००३ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही पक्षाच्या नेत्यांच्या प्रवासखर्चाची वाट मोकळीच राहिली. त्याच सुमारास जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने निवडणूकसुधारणांचा विचार करण्यास एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष विठ्ठल महादेव तारकुंडे हे आपल्या सासवडचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. समितीने १९७५ साली अहवाल दिला. पुढे १९९० साली दिनेश गोस्वामी समिती झाली, १९९८ साली इंद्रजित गुप्त समिती झाली. समित्यांची आपल्या देशात कधीच वाण पडली नाही.

मोठमोठ्या कंपन्यांनी पक्षांस पैसा द्यावा की नाही, हा प्रश्न तर प्रथम आपल्या मुंबईसच उभा राहिला. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या मूळ नियमपत्रात दुरुस्ती मागितली, आणि एका भागधारकाने तीस हरकत घेतली. १९५७ साली हा वाद मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्यापुढे आला. कायद्यात मनाई नसल्यामुळे त्यांना दुरुस्ती नामंजूर करता आली नाही. परंतु कंपन्यांच्या थैल्या निवडणुकीत उतरू लागल्या तर लोकशाही गुदमरेल अशी भीती त्यांनी निकालपत्रातच नोंदविली, व संसदेने यात लक्ष घालावे असे सुचविले. १९६० साली संसदेने देणगीवर मर्यादा घातली आणि ती हिशेबात उघड करावयास लावली. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्या सर्वस्वी बंद झाल्या. बंदी आली, पैसा मात्र बंद झाला नाही. तो उजेडातून अंधारात गेला. १९८५ साली नफ्याच्या ठरावीक हिश्शापुरती पुन्हा परवानगी मिळाली. २०१३ च्या कंपनी कायद्यात तो हिस्सा मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के होता. २०१७ साली हीही मर्यादा उठली. त्याच साली निवडणूक-रोख्यांची तजवीज झाली व २०१८ च्या जानेवारीत योजना अमलात आली.

हे रोखे काय होते? १,००० रुपयांपासून १ कोटीपर्यंतच्या किमतीचे हे कागद स्टेट बँकेत विकत घ्यावयाचे व पसंतीच्या पक्षास द्यावयाचे. त्याने ते १५ दिवसांच्या आत वटवावयाचे. कोणी घेतले, कोणास दिले, हे मतदारास कळावयाचे नाही. सहा वर्षांत असे सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेले, आणि त्यांतील बहुतांश रक्कम एकेक कोटीच्या रोख्यांची होती. एक कोटीचा कागद घेणारा मनुष्य केवळ तत्त्वप्रेमाने तो घेतो असे ज्यांस वाटत असेल त्यांच्या भोळेपणाचा आम्हांस हेवा वाटतो! १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमुखाने घटनाबाह्य ठरविली. मत देणाऱ्यास पक्षाचा पैसा कोठून येतो हे जाणण्याचा अधिकार आहे, हा त्या निकालाचा गाभा. कंपन्यांची मर्यादा उठविणारी दुरुस्तीही त्याबरोबर गेली. मार्च महिन्यात देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या याद्या निवडणूक आयोगाने प्रसिद्ध केल्या, आणि देशाने त्या प्रथमच पाहिल्या.

ज्ञातिबांधवहो, या निकालातील गोष्ट आम्हांस आपल्या साकवाशी जोडावयाची आहे. लोकशाहीची मूळ व्यवस्था अशी की, मत गुप्त असावे आणि देणगी उघड असावी. मत गुप्त अशासाठी की दुबळ्यास कोणी धाक घालू नये; देणगी उघड अशासाठी की सबळाने काय विकत घेतले ते सर्वांस दिसावे. आपण ही व्यवस्था नेमकी उलटी केली आहे. कोट्यधीशाची देणगी सहा वर्षे कुलुपात राहिली. आणि तुमच्या-आमच्या वाडीचे मत मात्र एका खाजगी वहीत लिहिलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. तो आकडा त्या इसमास कोठून मिळाला? चोरून नव्हे. मतमोजणी यंत्रागणिक होते, केंद्रागणिक आकडे निकालपत्रकात येतात, आणि ते कोणासही पाहता येतात. शहरात त्याने विशेष बिघडत नाही. परंतु जेथे एका केंद्रावर दोन-तीन वाड्या मत देतात आणि प्रत्येक वाडी एकेका ज्ञातीची असते, तेथे केंद्राचा आकडा म्हणजे जवळजवळ ज्ञातीचाच आकडा. कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या पेट्यांतील पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रे आली आणि ती सोय गेली. अनेक यंत्रांची मते एकत्र करून बेरीज दाखविणारे साधन वापरावे असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचविले. विधि आयोगाने २०१५ साली त्यास पाठिंबा दिला. सरकारने ते स्वीकारले नाही. ही बाब क्षुल्लक समजली जाते. आमच्या मते डोंगराळ कोकणातील लहान वाड्यांस रोख्यांइतकीच ही महत्त्वाची आहे, आणि आपल्या मंडळाने यासंबंधी आयोगास एक निवेदन पाठवावे असे आम्ही सुचवितो.

मुंबईस चाळीत आणि आता इमारतीत राहणारी आपली चाकरमानी मंडळी यावर म्हणतील की, हा खेडवळ लोकांचा दोष. क्षमा असावी. मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या भरभरून गावास येतात, त्यांत आपलीच मंडळी असतात. गाडी कोणाची, डिझेल कोणाचे, वाटेतील जेवण कोणाचे, हे विचारण्याची पद्धत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदारांची मतदानकेंद्रापर्यंत फुकट वाहतूक करणे हा भ्रष्टाचार म्हणून नमूद आहे. गणपतीस फुकट गाडी, होळीस फुकट गाडी, मग मतदानास फुकट गाडी. तिसऱ्या गाडीचे भाडे पहिल्या दोन गाड्यांतच धरलेले असते, हे समजण्यास फार मोठे शिक्षण लागत नाही.

काहींचे म्हणणे याहून वेगळे आहे. पैसा चोरून वाटण्यापेक्षा उघड का घेऊ नये? तो कोणाच्या खिशात न जाता देवाच्या किंवा समाजाच्या कामास लागला तर त्यात पाप कसले? हा विचार केवळ कल्पनेत राहिलेला नाही. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातील उमराणे हे कांद्याच्या बाजारपेठेचे नामांकित गाव. तेथे २०२० च्या अखेरीस ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपूर्वी सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाला व बोली २ कोटी ५ लाखांवर गेली. रक्कम देवळाच्या कामासाठी होती. नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथेही ४२ लाखांची बोली झाली. राज्य निवडणूक आयोगाने २०२१ च्या जानेवारीत या दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. लिलाव करणारे लोक दुष्ट होते असे आम्हांस वाटत नाही. गावात तंटा नको, दारू नको, देऊळ उभे राहील, असाच विचार त्यांनी केला असेल. तंटा टाळण्यासाठी सर्वांनी एकत्र बसून एखाद्या लायक माणसास बिनविरोध निवडणे ही जुनी व चांगली रीत आहे. पण तेथे माणूस पाहतात, लिलावात थैली पाहतात. उमराण्याच्या त्या बोलीत दोन एकरांचा शेतकरी किंवा शेतमजूर बाई तोंड उघडू शकली असती काय? घटनेने त्यांस दिलेली उमेदवारी देवाच्या नावाने काढून घेतली गेली. आणि देऊळ किंवा समाजमंदिर मध्ये आले म्हणजे लाच लाच राहत नाही, ही समजूत कायद्यासही मान्य नाही. मतासाठी लाभ देणारा जसा दोषी तसाच तो घेणाराही दोषी आहे, मग तो लाभ व्यक्तीस मिळो वा मंडळास.

आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी याच विषयावर आम्हांस खडसावले होते. ते म्हणाले, “अरे, हे पैसे आपलेच. आपल्याच कराचे, आपल्याच रस्त्याच्या खडीतून काढलेले. घ्यावे आणि मत हवे त्यास द्यावे.” युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु आपली माणसे असे करू शकत नाहीत, हीच तर अडचण! ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून शब्द दिला की तो मोडावयाचा नाही, खाल्ल्या मिठास जागावयाचे, हे संस्कार आपल्या रक्तात आहेत. लबाड मनुष्य दोघांकडून पैसे घेऊन तिसऱ्यास मत देऊन मोकळा होतो; प्रामाणिक मनुष्य मात्र ४०० रुपयांच्या पत्र्यासाठी पाच वर्षे बांधला जातो. आपल्या समाजातील सर्वांत चांगला गुणच येथे आपल्या गळ्याचा फास व्हावा, ही गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक खुपते. म्हणून घेतल्यावर काय करावे हा प्रश्नच उरता कामा नये. घेणेच टाळले पाहिजे.

तथापि केवळ नाही म्हणून भागणार नाही, हेही सांगितले पाहिजे. निवडणुकीस खर्च येतोच. विधानसभेच्या उमेदवारास १०,००० रुपये व लोकसभेच्या उमेदवारास २५,००० रुपये अनामत भरावी लागते. पत्रके छापावी लागतात, घाटमाथ्यापासून खाडीपर्यंत गाडी फिरवावी लागते, शेकडो केंद्रांवर आपली माणसे बसवावी लागतात व त्यांस दोन घास घालावे लागतात. हा पैसा शंभर-दोनशे रुपयांनी सामान्य माणसांनी दिला नाही तर तो कोटीने देणारा कोणीतरी देणारच. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील जुन्या राजापूर मतदारसंघाने १९५७, १९६२ व १९६७ साली बॅरिस्टर नाथ पै यांस, आणि १९७१ पासून १९८९ पर्यंत ओळीने पाच वेळा प्राध्यापक मधु दंडवते यांस लोकसभेत पाठविले. दोघेही समाजवादी, धनिकांचा पक्ष त्यांच्यामागे नव्हता. मनिऑर्डरीवर चालणाऱ्या या गरीब मुलखाने त्यांस पाठविले, आणि त्यांतील एक गृहस्थ पुढे देशाचे रेल्वेमंत्री व अर्थमंत्री झाले. कोकण रेल्वेच्या स्वप्नामागे याच दोघांचा ध्यास होता हे आपण सर्व जाणतो. आपल्या मुलखास ही गोष्ट अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी तो इतिहास पाहावा.

थेंबे थेंबे निधी उभा करण्याची रीतही आपल्याकडे नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत ‘पैसाफंड’ उभारला, लोकमान्यांनी त्यास पाठबळ दिले, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडास देशाने एक कोटी रुपये जमवून दिले. एका कोटीचा तो निधी असंख्य हातांनी भरला होता. एकाच हाताने घेतलेला एक कोटीचा रोखा हे त्याचे उलटे चित्र म्हणावे लागेल.

आता आपल्या घरापुरते बोलतो व आटोपतो. निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत आपल्या मंडळाने, महिला मंडळाने व तरुण मंडळाने कोणत्याही उमेदवाराकडून, पक्षाकडून अगर त्यांच्यासाठी फिरणाऱ्या गृहस्थाकडून रोकड, वस्तू, गाडी, जेवण यांपैकी काहीही घेऊ नये, असा ठराव आज यावा अशी आमची विनंती आहे. एरवीच्या काळात आलेली देणगी देणाऱ्याच्या नावानिशी व रकमेनिशी संमेलनात वाचून दाखवावी. मंडळाच्या नावाने कोणास पाठिंब्याचे पत्र देऊ नये. जातीच्या नावाने मते मागणे हा निवडणूक-भ्रष्टाचार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने स्पष्ट केले आहे, आणि तो वाद सांताक्रूझ येथील १९९० च्या निवडणुकीतून निघाला होता. मात्र एखाद्या सभासदास स्वतःच्या पसंतीच्या उमेदवारास स्वतःच्या खिशातून शंभर रुपये द्यावयाचे असतील तर त्याने ते अवश्य द्यावे, आणि पावती मागून घ्यावी.

स्मरणिकेविषयीही एक शब्द बोलला पाहिजे, जरी संपादकमंडळ येथे समोर बसले आहे आणि हे भाषण त्यांच्याच हाती छापावयास जाणार आहे. आपल्या अंकाच्या शेवटच्या पानांवर हार्दिक शुभेच्छांच्या जाहिराती असतात. निवडणुकीच्या वर्षी त्या पानांची संख्या वाढते आणि दरही कोणी विचारीत नाही. हे आम्ही मागील अंक चाळून पाहिले आहे. त्या उत्पन्नावर छपाईचा मोठा भाग निघतो, ही संपादकांची अडचण आम्हांस मान्य आहे. ती पाने बंद केली तर दर घरामागे वर्गणी किती वाढवावी लागेल, याचा आकडा आम्ही खजिनदारांकडून काढून घेतला. तो ७० रुपये आहे. मंडळास तो परवडेल की नाही हे सभेने ठरवावे. आमच्या घराचे ७० रुपये आम्ही आजच भरले असून पावती क्रमांक १ आमच्या नावे आहे.

छपराचे पत्रे काढून परत पाठवावेत असे कोणी उत्साही तरुण म्हणत होता. तसे करू नये. ज्यांच्याकडे पाठवावयाचे ते घेणार नाहीत, आणि पावसाळा दोन महिन्यांवर आला आहे. परंतु त्यांची त्या वेळची किंमत, १,२०,००० रुपये, आपल्या वहीत कर्ज म्हणून मांडावी व तितकी रक्कम सभासदांच्या वर्गणीतून साकवाच्या कामास बाजूला काढावी, अशी आमची सूचना आहे. ग्रामपंचायतीकडे नवा अर्ज कालच दिला आहे. त्यावर वाडीतील ११२ सह्या आहेत, आणि या खेपेस तो घेऊन जाणाऱ्यांच्या नावाचे पान कोणाच्याही वहीत नाही. कार्यक्रमपत्रिकेवरील पुढचा विषय हिशेबाचा आहे. तो खजिनदारांनी वाचावयास घ्यावा, आणि आम्हांस बसण्याची आज्ञा असावी.